चादरीखालचा डाव

३ नोव्हेंबर, मंगळवार

बोटं शिवशिवतायत! सकाळपासून एका आजोबांची खालची कवळी करतोय. चौदा दात मेणात बसवायचे. बसवले, लांब धरून पाहिले — तर समोरचे दात मी चक्क दोन ओळींत उभे केलेले. पायदळ! मागची ओळ पुढच्या दोघांच्या फटीतून बंदूक रोखून तयार. डॉक्टरीणबाईंच्या हाती हे पडलं असतं तर म्हणाल्या असत्या, आजोबांना जेवायचंय की लढाईला जायचंय? सगळे दात उपटले, मेण पुन्हा वितळवलं.

सहा महिने फासा हातात घेतला नाही, त्याचे हे परिणाम.

बायको म्हणते, 'शोधा की दुसरा कुणी खेळायला.' दुसरा! भाजी आहे का, या दुकानात नाही तर त्या दुकानात? अख्ख्या गावात हा खेळ खेळणारे दोघं. एक मी. दुसरा मोजणीसाहेब. जमिनी मोजायची नोकरी, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आणि मोजणीसाहेब म्हणजे छोटीचा नवरा. आणि छोटी, माझी सख्खी धाकटी बहीण, त्याला सोडून सध्या माझ्या घरी. झालं. आता खेळा!

'खेळणी' म्हणते बायको. म्हणू दे. अर्ध्या अंगठ्याएवढा एक शिपाई, शिशाचा. दातांवर छटा चढवायचा तीन केसांचा ब्रश आहे माझ्याकडे, त्याने मी त्याचे डोळे रंगवतो. अशी चारशे माणसं माझी, चारशे त्याची. दाराएवढं टेबल, त्यावर टेकड्या, नदी, गिरणी, पूल. टेप लावून इंचाइंचाने पुढे जायचं, गोळी लागली की नाही ते फाशांना विचारायचं. एक डाव दिवसभर चालतो. कधी दोन रविवार. कोणती खेळणी असतात अशी?

५ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या रंगकामाच्या खोलीत छोटी झोपते. रंग, ब्रश, फौजा, सगळं तिच्या पलंगाखाली. आज ती शाळेत शिकवून यायच्या आत एक डबी काढायला म्हणून वाकलो, तेवढ्यात आलीच. 'दादा, तो वास नको रे. डोकं धरतं.'

ठेवली परत. बहीण आहे. काय बोलणार!

७ नोव्हेंबर, शनिवार

एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. ती गेली तो दिवस.

आम्ही दोघं त्याच्या मागच्या खोलीत. शेवटचा मोठा डाव, पूल कोणाचा यावर सगळं ठरणार. पूल माझ्याकडे होता — अजून आहे! दोघंही गुडघ्यांवर. कारण आमचा नियम असा की शिपायाला काय दिसतं हे उभं राहून ठरवायचं नाही. खाली बसायचं, गाल टेबलाला लावायचा, एक डोळा मिटायचा आणि त्या शिपायाच्या डोळ्यांतून बघायचं. तर माझा गाल टेबलाला, त्याचा गाल टेबलाला, आणि छोटी दारात. हातात बॅग.

'मी जाते,' म्हणाली.

तो म्हणाला, 'हं. दार ओढून घे.'

आणि मी? मी म्हणालो, 'छत्री घेतलीस का?'

आम्हाला वाटलं शाळेची सहल असेल! खरंच वाटलं. तासाभराने बायकोचा फोन. 'छोटी आली आहे. बॅग घेऊन. रडत नाहीये, ते जास्त वाईट आहे. तुम्ही आहात कुठे?' मी तसाच निघालो. त्याने टेबलावर चादर टाकली. डाव तसाच राहिला, शेवटच्या तीन फेऱ्या बाकी.

मला बोल लावण्यात अर्थ नाही. मी काय, मी पाहुणा! नवरा तो आहे. छोटी म्हणते तेही खोटं नाही — 'मी काही बोलायला गेले की त्याचं ठरलेलं. एवढी फेरी होऊ दे. दादा, चौदा वर्षांत ती फेरी झालीच नाही.' तो मारकुटा नाही, पिणारा नाही, तोंडात शिवी नाही. फक्त उठत नाही. पाच माणसं उठवायला लागली तरी उठणार नाही असा माणूस.

पहिल्याच आठवड्यात तिने मला बजावलं. 'तिकडे पाऊल टाकलंस ना दादा, तर मी भाड्याने खोली घेईन आणि तुला पत्ता देणार नाही.' ती करेल. लहानपणी अबोला धरायची तर पंधरा-पंधरा दिवस.

माझी मात्र दोन्हीकडून कोंडी. बहीण सांभाळायची तर मित्र गेला. तोही असा की लग्नाआधीपासूनचा! यायचा माझ्याशी खेळायला आणि लग्न करून बसला हिच्याशी. माझा काय दोष?

लिहून डोक्यातून गेलं नाहीच.

८ नोव्हेंबर, रविवार

रविवार. काहीही नाही. नखं कापली. दुपारी पुन्हा कापायला बसलो, तर कापायला नखं नाहीत.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज फोन आला! कामाच्या जागी, जेवणाच्या सुट्टीत. सहा महिन्यांत पहिला.

'दातवाले,' — मला तो हेच म्हणतो — 'टेबल मोडतोय. सोमवारी सुतार येणार. तुझी फौज घेऊन जा.'

हातातला प्लास्टरचा साचा पडता पडता वाचला. 'मोडतोयस म्हणजे?'

'खोली मोकळी करायचीय.'

'आणि डाव?'

'तू जिंकलास असं समज.'

समज! असं कसं समज! ज्या माणसाने एकदा अर्ध्या इंचावरून माझ्याशी अख्खी दुपार हुज्जत घातली, तो म्हणतो समज. पूल काय मला दान देतोस? मी म्हणालो, 'तीन फेऱ्या राहिल्यात. रविवारी येतो. खेळून संपवू, मग काय मोडायचं ते मोड.'

तो घुटमळला. 'रविवारी नको रे... मला जरा...' मग म्हणाला, 'बरं. सकाळी ये. दुपारच्या आत संपवायचं पण.'

'तीन फेऱ्यांना कितीसा वेळ लागतो!'

'आणि ऐक,' मीच पुढे म्हणालो, 'छोटीला कळता कामा नये. काय वाटेल ते झालं तरी. शपथ घे.'

'तुझी शपथ,' म्हणाला. 'माझ्या तोंडून नाही जाणार.' आणि त्याच्या तोंडून जाणार नाही, हे मला माहीत आहे. त्या बाबतीत दगड आहे.

पण टेबल मोडतोय... म्हणजे त्याने आशा सोडली. घर आवरायला घेतलं. ती आता येत नाही असं धरून चाललाय. वाईट वाटलं. दिवसभर एकही दात सरळ बसला नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं! रविवारी नुसतं खेळायचं नाही. समेटाचं बोलायचं. त्याला नीट समोर बसवून सांगायचं की बाबा रे, घरी ये, तिच्याशी बोल, माफी माग, नाक घास. मोठा भाऊ म्हणून हे माझं कामच आहे. म्हणजे मी चोरून जातोय ते तिच्याच भल्यासाठी. असं पाहिलं तर ती चोरी होत नाही.

होते का? नाही होत.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना थाप मारली. म्हटलं, रविवारी दिवसभर कामावर जावं लागणार. एका पुढाऱ्याचे पुढचे चार दात आहेत. सोमवारी भाषण आहे त्याचं.

बायको म्हणाली, 'खायचे की दाखवायचे?'

मी खूप मोठ्याने हसलो. गरजेपेक्षा जास्त. छोटीने मान वर करून पाहिलं आणि मला ठसकाच लागला. वाटलं, पकडलं हिने!

पण नाही. ती म्हणाली, 'किती वेळ लागेल, दादा?'

'संध्याकाळ होईल बहुतेक.'

'सावकाश ये. घाई नको करूस.'

लगेच बायको म्हणाली, 'मीही नाहीये रविवारी. मैत्रिणीकडे जेवायला जाणार आहे.' मैत्रीण कोण, अचानक जेवण कसलं, मी काही विचारलं नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन!

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याचं घोडदळ गिरणीमागे आहे. ते डावीकडून येणार. मी असतो तर डावीकडूनच आलो असतो.

की उजवीकडून?

१४ नोव्हेंबर, शनिवार

छोटीने आज पडदे धुतले. फरशी पुसली. माझ्या खुर्चीखालचा प्लास्टरचा भुगा सहा महिन्यांत कुणाला दिसला नव्हता, तो तिने खरवडून काढला. वर गुणगुणत होती! मी बायकोला म्हटलं, बघ, आली जरा माणसात. त्याच्याविना निभावायला शिकली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, माझ्या शर्टाला काही लागलंय.

संध्याकाळी छोटी जवळ येऊन बसली. म्हणाली, 'दादा, तुला कधी वाटतं का रे, माणूस बदलतो?'

माझं अर्धं लक्ष गिरणीकडे. म्हणालो, 'कवळी बदलते. माणूस कसला बदलतो!'

हसली. डोक्यावर टपली मारून उठून गेली.

उद्या पकडलो गेलो तर ही मला आयुष्यभर तोंड दाखवणार नाही. आणि नाही गेलो तर सोमवारी सुतार. मी काय, उद्या पूल वाचवायला जातोय की मित्र वाचवायला, की ह्यांचा संसार? तिन्ही, तिन्ही. एका दगडात तीन पक्षी. झोपावं आता.

१५ नोव्हेंबर, रविवार

कामाच्या जागी बसून लिहितोय. घरी जायच्या आधी. जिंकलो!! एका ढोलक्यावर जिंकलो!

पहिल्यापासून लिहितो.

सकाळी गेलो. दार उघडलं तर समोर कोण? दाढी घोटलेली, केस नीट भांग पाडलेले, शर्टाला इस्त्री! बारा रविवार एकाच बनियनवर खेळणारा माणूस. मी म्हटलं, काय रे, माझ्यासाठी नटलास? त्याने दात काढले, म्हणजे हसला. मागच्या खोलीत गेलो. त्याने चादर एका बाजूने धरली, मी दुसऱ्या बाजूने, आणि अलगद उचलली. एक शिपाई पडला नाही! सहा महिने आमची आठशे माणसं त्या अंधारात जिथल्या तिथे उभी होती. मला भरूनच आलं. मेली शिशाची माणसं, पण आलं खरं.

मागच्या वेळी फोनने घात केला होता. म्हणून मी आधीच बिस्किटांचा रिकामा डबा आणलेला. म्हटलं, फोन बंद, डब्यात, झाकण. त्याने कां-कूं केलं. 'माझा राहू दे ना. बंद नको.' मी म्हटलं, अजिबात नाही, नियम दोघांना सारखा. माझाही टाकला, त्याचाही घेतला. दिला बिचाऱ्याने.

मग खेळ. आणि खेळ कसला — हा माणूस उरकतोय! टेप न लावता चाली. 'अंदाजे सहा इंच.' अंदाजे!! जमिनी मोजणाऱ्याच्या तोंडी! मी त्याचा हात धरला. म्हटलं, लाव टेप. लावली. पाच निघाले. त्याने मुकाट्याने घोडा मागे घेतला आणि खिडकीकडे बघितलं. मी समजलो. डाव आहे हा! घाई दाखवतो, मला गाफील करतो, आणि शेवटच्या फेरीला गिरणीमागून हाणतो. मी काय कालचा? जितका तो घाई करेल तितका मी सावकाश. प्रत्येक शिपाई मोजला. प्रत्येक फासा दोनदा वाचला.

एकदा म्हणाला, 'दातवाले, तुला एक सांगायचं होतं.'

मी म्हटलं, 'आधी फासे टाक.'

टाकले. विसरला वाटतं.

पहिली फेरी संपायलाच जेवणाची वेळ टळून गेली. पाव खाल्ले उभ्या उभ्या. मग तो उठला. शर्टावरचे तुकडे झटकले आणि म्हणाला, 'खरंच सांगतो, तू जिंकलास. लिहून देतो हवं तर. मला निघायला हवं.'

मी असा चिडलो! म्हटलं, 'बस खाली. अर्ध्यातून उठेल तो खेळाडू नव्हे, हे वाक्य कोणाचं? तुझंच ना? चौदा वर्षं मला ऐकवलंस. आणि आज टेबल मोडायच्या आदल्या दिवशी तू मला भीक घालून निघालास? एवढीच किंमत का रे आपल्या खेळाची?' वाईट बोललो जरा. पण लागलं त्याला. उभा राहिला, दाराकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि बसला. 'एक फेरी,' म्हणाला.

आणि त्या फेरीत त्याचे फासे लागले! सहा, सहा, पाच, सहा. गिरणीमागून घोडदळ सुटलं, माझी डावी फळी साफ. (डावीकडूनच आला! म्हटलं होतं मी.) माझी पाचावर धारण बसली. पण त्याचा चेहरा! सहा महिन्यांनी माणसाच्या डोळ्यांत दिवे लागले. बाह्या वर गेल्या, इस्त्री गेली चुलीत. टेप स्वतःहून मागितली. मग त्याने एकदाही खिडकीकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने परत एकदा उठला, तेव्हा मी नुसतं म्हटलं, 'तोफेचं राहिलं,' आणि तो 'अरे हो' म्हणून आपण होऊन बसला.

तोफेवरून तर जुंपली! गिरणीच्या भिंतीला एक खिंडार आहे. माझं म्हणणं, त्यातून माझ्या गोलंदाजाला त्याचा सेनापती दिसतो. त्याचं म्हणणं, टोपी दिसते फक्त, टोपीवर तोफ चालत नाही. दोघंही गुडघ्यांवर, दोघांचे गाल टेबलाला, मध्ये तो एवढासा गोलंदाज. 'दिसतो!' 'नाही दिसत!' 'तुझा डोळा मोठा आहे, त्याचा लहान!' 'तुला चष्मा लागलाय, त्याला कुठे लागलाय!' हसून हसून पोट दुखलं. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी फासा टाकला. त्याच्या बाजूने पडला. असू दे.

शेवटची फेरी. पुलावर माझं एकच माणूस शिल्लक, ढोल वाजवणारा पोरगा. बंदूकसुद्धा नाही त्याच्याकडे. समोर त्याचे तीन घोडेस्वार. तिघांना मिळून एक चार पडायला हवा होता. नुसता चार! पडले एक, दोन, तीन. ओळीने! मी ओरडलो, तो ओरडला, तो टेबल बडवायला लागला. हरला तर माझ्यापेक्षा जास्त खूश! म्हणाला, 'एक, दोन, तीन! दातवाले, असा डाव पुन्हा होणे नाही!'

मग दिवा लावायला उठला. बटणावर हात तसाच राहिला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'अंधार पडला?' असं विचारलं, जसा काही अंधार मीच पाडला. डबा उघडला, फोन चालू केला, तो वाजतच राहिला. टिंग, टिंग, टिंग. ऑफिसचे असतील मेले, रविवारीही सोडत नाहीत. पायात चपला घातल्या त्याही उलट्यासुलट्या. हात मिळवला नाही, काही नाही. 'दार ओढून घे,' एवढं म्हणाला आणि पळत सुटला. हरल्यावर माणसाचं खरं रूप दिसतं म्हणतात. जाऊ दे. मी माझी फौज भरून आणली. ढोलक्याला वरच्या खिशात ठेवलंय.

समेटाचं बोलायचं राहून गेलं! पूर्ण विसरलो. एकदा आठवलं होतं, पण तेव्हा घोडदळ सुटलेलं. पुढच्या आठवड्यात फोन करून बोलेन. आज त्याला इतकं हसताना पाहिलं, तेही काही कमी नाही. आता घरी. तोंड गंभीर करायचं. पुढाऱ्याचे दात, विसरायचं नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

काल दुपारी छोटीने त्याला घरी बोलावलं होतं. बोलायला. दिवस आधीच ठरलेला; मला बाहेर कसं काढायचं तेवढं राहिलं होतं, ते मीच थाप मारून भागवलं. आणि दादाला सांगायचं नाही असं त्यालाही बजावलं. टेबल मोडतो असं त्याने आपणहून कबूल केलं होतं. ती दुपारभर वाट बघत बसली. फोन करत राहिली, फोन बंद. अंधार पडल्यावर आला धापा टाकत. तिने दारातच विचारलं, होतास कुठे? म्हणाला, ऑफिसचं काम होतं.

'रविवारी, दादा! ऑफिस!' ती म्हणाली. 'उशिरा आला ते चाललं असतं रे. खरं काय ते सांगितलं असतं तर आत घेतलं असतं मी.' बुधवारी वकिलाकडे घटस्फोटाचे कागद करायला जाणार आहे.

तो दोनदा उठला होता. दोन्ही वेळा मी बसवला.

'एकटी नाही जाऊ शकत मी. तू येशील ना सोबत?' तिने विचारलं, आणि मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!